दुकानापर्यंत न पोचलेले

रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

नवरात्र सुरू झालं की पुण्याच्या पेठांमधले माळे रिकामे व्हायला लागतात. दिवाळीच्या साफसफाईत जुना संगणक सगळ्यांत आधी घराबाहेर पडतो, म्हणून जुने प्रोसेसर शोधणाऱ्याचा हंगाम हाच. आज आठच्या आत जुन्या बाजारात पोचलो. उन्हं चढली की किलोने घेणारे व्यापारी येतात, मदरबोर्डांचा ढीग एकगठ्ठा उचलतात आणि तो माल दिल्लीच्या सीलमपूरकडे नाहीतर मुरादाबादकडे रवाना होतो. तिकडे गेलेली चिप परत मिळत नाही.

भंगारवाल्या चाचांनी ताडपत्री अंथरून पोतं उपडं केलं. "तुमचे सिरॅमिकवाले वेगळे काढलेत साहेब, आधी भवानी करा." बरेचसे ४८६, चार-दोन साधे पेंटियम आणि एक इंटेलचा ए८०३८६-१६. तो उन्हात तिरका धरला तर छपाईत दोन सिग्मा दिसले, एकाला एक लागून. भाव न करता पैसे दिले.

३८६ जाहीर झाला ऑक्टोबर १९८५ मध्ये. पावणेतीन लाख ट्रान्झिस्टर, आणि ३२ बिटांचं काम करणारा इंटेलच्या एक्स८६ घराण्यातला पहिला प्रोसेसर. १९८७ मध्ये लक्षात आलं, की यातले काही प्रोसेसर ३२ बिटांचा गुणाकार ठरावीक परिस्थितीत चुकवतात. इंटेलने माल तपासायला घेतला. जे पास झाले त्यांच्यावर दोन सिग्मा उमटवले. नापास झालेले फेकून दिले नाहीत, 'फक्त १६ बिट सॉफ्टवेअरसाठी' अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का मारून तेही विकले. त्या वेळी बहुतेकांचं काम डॉसवर चालायचं आणि डॉसला १६ बिट पुरत होते, त्यामुळे घेणाऱ्याचं काही अडलं नाही. स्वतःच्या मालातली खोट त्याच मालावर छापून तो विकण्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. आपण काय घेतोय हे गिऱ्हाइकाला कळत होतं. तो १६ बिटवाला अजून माझ्याकडे नाही. सिग्मावाला मात्र आता आहे.

सोमवार, ७ ऑक्टोबर

दुकान बंद केल्यावर रात्री टेबलाशी बसलो. कालच्या ३८६ च्या कडेच्या रांगेतल्या पाच-सहा पिना आडव्या झाल्या होत्या. शिशाची पेन्सिल असते ना, खटका दाबला की शिसं पुढे येणारी, तिच्यातलं शिसं काढून टाकलं की पोकळ टोक पिनेवर बरोबर बसतं. पिन एका दमात उभी करायची नाही. थोडी उचलायची, सोडायची, शेजारची घ्यायची, मग पुन्हा पहिलीकडे यायचं. जुनी पिन मोडते ती मुळाशी, सिरॅमिकला टेकते तिथे, आणि तिथे डाग देऊन नवी बसवणं म्हणजे प्रोसेसरचा इतिहास खोटा करणं. पिना झाल्यावर कापसाच्या बोळ्याने आयसोप्रोपिल लावून वरची धूळ काढली. छापील अक्षरांवर बोळा घासायचा नाही, टेकवून उचलायचा.

मग वही. कुठे मिळाला, कुणाकडून, कोणत्या दिवशी, बोर्डावर होता की सुटा, बोर्डावर असेल तर कोणत्या, त्या बोर्डावर कसल्या चिठ्ठ्या होत्या. सुटा प्रोसेसर आपल्याबद्दल फार थोडं सांगतो. तो कुणाच्या टेबलावर होता, कशासाठी आला होता, हे बोर्ड आणि डबा सांगतो, आणि भंगारात पहिल्यांदा हरवतं ते हेच.

कालच्या पोत्यातल्या ४८६ मध्ये एक तैवानच्या यूएमसीचा निघाला, यू५एस. हिरव्या अक्षरांतलं 'ग्रीन सीपीयू' आणि खाली बारीक इंग्रजीत, अमेरिकेत विक्रीला वा आयातीला मनाई असल्याची सूचना. इंटेल आणि यूएमसी यांच्यातला पेटंटचा वाद १९९४ मध्ये कोर्टात गेला आणि यूएमसीने पुढे हा धंदाच सोडला. तेवढ्याच गतीच्या इंटेलच्या ४८६एसएक्सपेक्षा हा प्रोसेसर जास्त काम उरकायचा. अमेरिकेतल्या संग्राहकाला हा मुद्दाम बाहेरून मागवावा लागतो. आमच्याकडे तो असेंबल केलेल्या स्वस्त पीसींतून आला आणि कुणाच्या लक्षातही न येता भंगारात गेला. दुर्मीळ म्हणजे कुठे दुर्मीळ, हे प्रत्येक वेळी विचारावं लागतं.

शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा

पूजेत सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर आणि भिंग मांडलं. प्रोसेसर ठेवत नाही, ते हत्यार नव्हे.

बुधवार, १६ ऑक्टोबर

आज जुन्या बाजारात एक पेंटियम ६० बोर्डासकट मिळाला. बोर्ड म्हणजे केवढा, दुकानाच्या पाटीएवढा! ५ व्होल्टवर चालणारा, वर सोनेरी झाकण असलेला, २७३ पिनांचा हा पहिल्या पिढीचा पेंटियम हातात घेतला की वजनच वेगळं लागतं. या प्रोसेसरच्या कामात पुढे असलेले विनोद धाम पुण्यात जन्मलेले, नंतर दिल्लीत शिकलेले. पुढे ते नेक्सजेनमध्ये गेले आणि एएमडीने नेक्सजेन घेतल्यावर के६ बाजारात आणण्यात त्यांचा हात होता. म्हणजे आमच्या दुकानांतून एकमेकांसमोर विकले गेलेले दोन्ही प्रोसेसर एकाच माणसापाशी जाऊन पोचतात.

संध्याकाळी बोर्ड जोडला. बॅटरी केव्हाच मेली होती, पण पडदा उजळला. जुना एक्सेल चढवला आणि सगळे करतात तीच परीक्षा घेतली: ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागायचं, आलेल्या उत्तराला ३१४५७२७ ने गुणायचं आणि ते मूळ आकड्यातून वजा करायचं. उत्तर शून्य यायला हवं. आलं २५६.

पडद्यावर तो आकडा बघून अंगावर रोमांच उभे राहिले. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या लिंचबर्ग कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांच्या बेरजा करत होते, आणि त्यांचे आकडे जुळेनात. त्यांनी एकेक करून सगळ्या शक्यता बाद केल्या, शेवटी उरला तो प्रोसेसर. भागाकारासाठी पेंटियमच्या आत एक तक्ता कोरलेला असतो. त्यातल्या १०६६ भरायच्या जागांपैकी ५ रिकाम्या राहिल्या होत्या. ठरावीक आकडे आले की हात त्या रिकाम्या जागी पडायचा आणि उत्तर बिघडायचं, कधी कधी अगदी चौथ्या-पाचव्या अंकाशी. आधी इंटेलने, नेहमीच्या गिऱ्हाइकाला याचा त्रास होणार नाही, अशी भूमिका घेतली. लोक ऐकेनात. २० डिसेंबर १९९४ ला, मागेल त्याला बदलून देऊ, असं जाहीर करावं लागलं आणि कंपनीने त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च दाखवला. परत आलेल्या काही चिपांच्या तुकड्यांचे कीचेन बनवून कंपनीतल्या लोकांना दिले गेले. ते कीचेनही आता संग्राहक शोधतात.

माझ्या टेबलावरचा हा प्रोसेसर ज्या कुणी वापरला, त्याने बदलून घेतला नाही. पुण्यात तेव्हा किती जणांना याची कुणकुण लागली असेल? त्याच्यावर कुणी तरी वर्षानुवर्षं हिशेब केले, बोर्डाला चिकटलेल्या चिठ्ठीवर 'अकाउंट्स' असं लिहिलंय. चिठ्ठी काढली नाही. बोर्डासकटच ठेवणार.

रविवार, २० ऑक्टोबर

बाजारात काही नाही. घरी येऊन वहीतल्या, जे शोधतोय त्यांच्या पानाकडे बघत बसलो.

सगळ्यांत वर आहे स्लॉट १ चा पेंटियम थ्री, १.१३ गिगाहर्ट्झ. मार्च २००० मध्ये एएमडीने १ गिगाहर्ट्झचा अ‍ॅथलॉन जाहीर केला आणि इंटेलने दोनच दिवसांत आपला १ गिगाहर्ट्झचा पुढे केला. त्या चढाओढीत ३१ जुलैला हा १.१३ आला. परीक्षण करणाऱ्यांच्या हातात मोजके नग पडले. कुणी लिनक्सचं कर्नल कंपाइल करायला लावलं, तर काम अर्ध्यावर कोलमडायचं. एकाकडे झालं, दुसऱ्याकडे झालं, आणि २८ ऑगस्टला इंटेलने तो मागे घेतला. जेमतेम चार आठवडे! नंतर त्याच गतीचे जे पेंटियम थ्री आले ते वेगळ्या, सुधारलेल्या सिलिकॉनचे. शोध आहे त्या चार आठवड्यांतल्याचा.

मला हा प्रोसेसर हवा आहे तो महाग आहे म्हणून नव्हे. आपण विकत घेतो तो प्रत्येक प्रोसेसर म्हणजे कंपनीला मान्य असलेली गोष्ट. मागे घेतलेला, रद्द केलेला, नमुना म्हणून बनवून थांबवलेला प्रोसेसर त्या गोष्टीच्या आधीच्या खोडाखोडी दाखवतो. अभियंते कुठे अडले, विक्रीवाल्यांनी किती घाई केली, कोणत्या मेमरीवर पैज लावली, हे छापील जाहिरातीत कधीच नसतं. ते या तुकड्यांत असतं, आणि तुकडे वितळवले की फक्त ऐकीव राहतं.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

सकाळच्या गाडीने मुंबई. दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड आणि तिथून चालत लॅमिंग्टन रोड. रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी सुटे भाग घेणाऱ्याच्या तोंडी लॅमिंग्टनच. १९९३ मध्ये पहिल्यांदा आलो तेव्हा पायऱ्यांवरसुद्धा रॅमच्या काड्या मांडलेल्या असायच्या. आता मोबाइलची कव्हरं आणि कॅमेरे जास्त. तरी वरच्या मजल्यांवर काही जुने लोक टिकून आहेत.

त्यांपैकी एकाने फोन केला होता, "तुमचा जोशुआ आलाय." जोशुआची हकीकत अशी. टेक्ससमधली सायरिक्स ही कंपनी १९९९ मध्ये तैवानच्या व्हीआयएने घेतली. सायरिक्सच्या अभियंत्यांचा सॉकेट ३७० साठीचा जोशुआ जवळपास तयार होता, आणि फेब्रुवारी २००० मध्ये व्हीआयएने तो सायरिक्स थ्री या नावाने जाहीरही केला. पण व्हीआयएने टेक्ससमधलाच दुसरा गट, सेंटॉर, हाही घेतला होता. त्यांचा सॅम्युएल आकाराने लहान, बनवायला स्वस्त आणि थंड चालणारा. व्हीआयएने जोशुआ बाजूला ठेवला आणि सॅम्युएलवर तेच सायरिक्स थ्री नाव छापून विकायला काढला. त्यामुळे नाव बघून काहीच ठरत नाही. जोशुआवर गतीऐवजी पीआर आकडा असतो, म्हणजे हा अमुक गतीच्या पेंटियमच्या तोडीचा, असा दावा. पण छपाई खोटी करता येते. नव्वदच्या दशकात वरची अक्षरं घासून जास्त गतीचा आकडा छापलेले पेंटियम इथल्याच गल्ल्यांतून फिरत होते, आणि आता संग्राहकांसाठी तोच उद्योग चालतो.

म्हणून सोबत छोटा बोर्ड नेला होता. दुकानदारांनी टेबल मोकळं करून दिलं, चहा मागवला. प्रोसेसरला तो कुणाचा आहे असं विचारायची सोय त्याच्या आतच असते, आणि बारा अक्षरांचं उत्तर मिळतं. सायरिक्सचं उत्तर 'सायरिक्सइन्स्टेड', सेंटॉरचं 'सेंटॉरहॉल्स'. बोर्ड चालू केला, डॉसमधला छोटा प्रोग्रॅम चालवला. 'सेंटॉरहॉल्स'. शिवाय एल२ कॅशे शून्य. जोशुआत ती २५६ किलोबाइट असते, पहिल्या सॅम्युएलमध्ये नसतेच.

दुकानदारांना वाईट वाटलं. त्यांनी ज्याच्याकडून घेतला त्याने पीआर आकडा दाखवूनच विकला होता. भिंगाखाली बघितलं तर अक्षरांच्या कडा फुगलेल्या, शाई ताजी. मी म्हटलं, "शेठ, हा तुम्ही विकू नका. माझ्याकडे द्या, खोटा म्हणून वहीत नोंदवून ठेवतो." त्यांनी तो फुकट दिला. संग्रहात खोट्यांचाही एक ट्रे हवा. पुढच्याला ओळखायला शिकवता येतं.

मंगळवार, २९ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

लक्ष्मी रोडवर सोनं घेणाऱ्यांची गर्दी. मी पुण्याजवळच्या भोसरीतल्या एका गोदामात गेलो होतो, तिथेही सोन्याचाच हिशेब चालू होता.

पेंटियम प्रो नोव्हेंबर १९९५ मध्ये आला. एकाच सिरॅमिक पाटीवर दोन सिलिकॉनचे तुकडे शेजारी शेजारी, एक प्रोसेसरचा आणि दुसरा कॅशेचा, ३८७ पिना, आणि आतबाहेर सोन्याचा मुलामा इतका, की भंगाराच्या धंद्यात डेस्कटॉपच्या प्रोसेसरांमध्ये याला सगळ्यांत जास्त भाव. बाकीचे बोर्ड किलोने जातात, हे नगावर मोजतात. त्यामुळेच ते झपाट्याने संपताहेत. संग्राहकाच्या दृष्टीने साधा पेंटियम प्रो दुर्मीळ नव्हता. आता होत चालला आहे, आणि कारण फक्त सोनं.

गोदामातल्या मुलाला विचारलं, पुढे काय होतं? त्याने मुरादाबादच्या बाजूला एक हंगाम काढलेला. बोर्ड चुलीवर तापवून चिपा उचकटायच्या, कातरायच्या, मग तेजाबात टाकायच्या. हात दाखवले. बोटांच्या टोकांची कातडी गुळगुळीत झालेली, अंगठ्याच्या ठशाची यंत्राला ओळख पटत नाही म्हणून रेशनला अडचण येते म्हणाला. एका प्रोसेसरमधून निघणारं सोनं ते केवढं, आणि त्यासाठी हे.

देशात ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून लागू झाले, नंतर दोनदा नव्याने आले. मोठ्या कंपन्या आता अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे माल देतात. ते बरोबरच आहे, तेजाबाची टाकी बंद व्हायलाच हवी. पण तिथेही प्रोसेसर वाचत नाही. माल मशीनमध्ये भरडतात आणि नष्ट केल्याचा दाखला देतात. म्हणजे चोरट्या वाटेने गेला तरी संपला, सरळ वाटेने गेला तरी संपला. भरडण्याआधी एखाद्या जाणत्या माणसाने अर्धा तास त्या ढिगापाशी बसावं, एवढीच व्यवस्था हवी. शंभरातला एखादाच नग बाजूला निघेल. पुण्यात स्वच्छ संस्थेच्या कचरावेचक बायका घराघरातून ई-कचरा गोळा करतात. त्यांना मी 'हे दिसलं तर फोन करा' म्हणून चित्रांचा एक कागद करून दिला आहे. भरडणाऱ्यांच्या दारात मात्र अजून कुणी उभं करत नाही.

रविवार, ३ नोव्हेंबर, भाऊबीज

ताईकडे जेवायला. भाचा बेंगळुरूहून आला होता. तो चिपांच्या पडताळणीचं काम करतो. जेवण झाल्यावर म्हणाला, "मामा, जे चाललंच नाही ते जपून काय करणार?"

त्याला तिम्नाची गोष्ट सांगितली. इंटेलच्या इस्रायलमधल्या हैफाच्या गटाने हा प्रोसेसर बनवला. स्वस्त संगणकासाठी ग्राफिक्स आणि मेमरीचा कंट्रोलर दोन्ही प्रोसेसरच्याच सिलिकॉनमध्ये. आज हे सगळीकडे असतं, तेव्हा विरळाच होतं. पण मेमरी ठरली होती आरडीरॅम, ती पुढे स्वस्त होईल या हिशेबाने. ती झाली नाही. साधी एसडीरॅम चालावी म्हणून मध्ये एक जोडचिप घालायची ठरली. तिच्यातच दोष निघाला. मे २००० मध्ये त्या जोडचिपेचे ८२० चिपसेटवाले बोर्ड इंटेलला परत घ्यावे लागले. त्याच वर्षी तिम्ना रद्द. चालणारे नमुने बनले होते, ते थोड्या संग्राहकांकडे आहेत. ३७० पिनांचेच, पण आपल्या नेहमीच्या सॉकेटात न चालणारे.

"आणि मग त्या गटाने काय केलं?" मी विचारलं. त्याला माहीत होतं, पण दुवा जोडला नव्हता. हैफाच्या त्याच गटाने पुढे बेनियस केला, म्हणजे २००३ चा पेंटियम एम, आणि तीच वाट २००६ मध्ये कोअर २ पर्यंत गेली. ज्या कोअर २ ने इंटेल पुन्हा उभी राहिली, त्याच्या मागच्या पानावर रद्द झालेला तिम्ना आहे.

भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानेच व्हाइटफील्डचा विषय काढला. बेंगळुरूच्या उपनगराचं नाव दिलेला, बेंगळुरूतच घडत असलेला झिऑन, २००५ मध्ये रद्द झाला. तो डेस्कटॉपचा नव्हे, सर्व्हरचा, म्हणून माझ्या पानावर नाही. पण तिथल्याच लोकांनी नंतर सहा कोअरचा डनिंग्टन पूर्ण केला आणि २००८ मध्ये तो विकलाही गेला. त्याच्या ऑफिसातल्या वरिष्ठांना व्हाइटफील्ड अजून आठवतो म्हणाला. "त्यांना सांग, कुणाच्या कपाटात काही असेल तर भरडायला देऊ नका," मी म्हटलं. तो विचारून बघणार आहे.

रविवार, १० नोव्हेंबर

चाचांनी आदल्या रात्री फोन केला होता, "भोसरीचा लॉट आहे, बंद पडलेल्या युनिटचा. लवकर या."

बहुतेक बोर्ड कामातून गेलेले. एका सॉकेट ३७० च्या बोर्डावर मोठा पंखा गंजून बसला होता. बोर्डावर दुकानातल्या बोर्डासारखं छापील नाव नाही, फक्त आवृत्तीचा नंबर आणि पेनने लिहिलेली पिवळी चिठ्ठी: 'टेस्ट युनिट, परत करणे'. हीटसिंकची क्लिप सोडवली, वाळलेली पेस्ट नखाने खरवडली. हिरवी पाटी, मधोमध निळसर चमकणारा सिलिकॉनचा उघडा आयत, आणि नंबराच्या ओळीत जिथे एस-एल ने सुरू होणारी खूण असते तिथे क्यू आणि आकडे, म्हणजे नमुन्याची खूण. खाली इंग्रजीत 'इंटेल कॉन्फिडेन्शियल'.

चाचा माझ्याकडेच बघत होते. "मिळालं?"

"मिळालं."

बोर्ड, चिठ्ठी, पंखा, सगळं घेतलं. लॉट कुणी उचलला, युनिटमध्ये काय बनत होतं, हेही विचारून घेतलं. कारखान्यांच्या यंत्रांसाठी संगणक बनवत असत, एवढं कळलं. त्याची नोंद केली.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

काल पिना तपासल्या, बोर्डावरचे फुगलेले कपॅसिटर बदलले. मूळचे काढलेले पाकिटात घालून वहीला जोडले. आज चालू केला.

पडद्यावर ७३३ मेगाहर्ट्झ. म्हणजे १३३ ची बस आणि साडेपाचचा गुणक. दुकानातल्या पेंटियम थ्रीचा गुणक कुलूपबंद असतो, बायोसमध्ये कितीही बदला, प्रोसेसर ऐकत नाही. इंजिनिअरिंग सॅम्पलला, म्हणजे अशा नमुन्याला, पुष्कळदा ते कुलूप नसतं, कारण बोर्ड बनवणाऱ्याला तो वेगवेगळ्या गतींवर चालवून बघायचा असतो. बायोसमध्ये साडेपाचाचे पाच केले, सेव्ह करून पुन्हा चालू केला. ६६७. पुन्हा साडेपाच, ७३३. छपाई कुणीही करू शकतं, पण हे उघडं कुलूप छापून आणता येत नाही.

आतला ओळख-नंबर ६८१ निघाला. म्हणजे हा पेंटियम थ्रीच्या कॉपरमाइन पिढीच्या पहिल्या फेरीतला, ऑक्टोबर १९९९ मध्ये जे पेंटियम थ्री दुकानात आले त्यांचाच सख्खा भाऊ. त्याच्याआधीची एखादी फसलेली फेरी नव्हे. कॉपरमाइनचे असे नमुने जगात बऱ्यापैकी आहेत, लिलावात त्याला फार किंमत येणार नाही. मला त्याची किंमत वेगळी वाटते. बोर्डासकट, चिठ्ठीसकट, कोणत्या गावातल्या कसल्या कामासाठी आला होता हे माहीत असलेला नमुना मी तरी दुसरा पाहिलेला नाही. भोसरीत कुणीतरी चोवीस-पंचवीस वर्षांपूर्वी, प्रोसेसर नवा असताना, त्याच्यासाठी बोर्ड तयार करू बघत होतं.

शनिवार, १६ नोव्हेंबर

एक प्रश्न टाळून चालणार नाही. असे नमुने विकायचे नसतात. इंटेल ते बोर्डवाल्यांना वापरायला देते आणि मालकी आपल्याकडेच ठेवते. चिठ्ठीवरचं 'परत करणे' हे त्याचंच. मग हा माझ्याकडे असणं योग्य का?

माझं मत असं. नव्या, अजून बाजारात न आलेल्या प्रोसेसरचा नमुना कुणी विकत असेल तर घेऊ नये, तिथे कुणाच्या तरी मेहनतीची आणि विश्वासाची चोरी असते. मला असे दोन-तीनदा देऊ केले गेले, नाही म्हटलं. पण ज्या प्रोसेसरची पिढीच संपली, ज्याची कागदपत्रं उघड आहेत, जो परत घ्यायला कुणी येणार नाही आणि ज्याच्यासमोर फक्त तेजाब आहे, तो उचलून जपणं मला पटतं. एक अट मी स्वतःला घातली आहे: तो विकायचा नाही. पुढेमागे एखाद्या संग्रहालयाला द्यायचा, वहीच्या पानासकट.

बुधवार, २० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. सकाळीच मत देऊन आलो आणि ट्रेमधल्या चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. सिग्मावाला ३८६, यूएमसी, अकाउंट्सचा पेंटियम, खोटा जोशुआ, भोसरीचा नमुना.

दुपारी परदेशातल्या एका विक्रेत्याचा निरोप आला, तेजस आहे म्हणून. इंटेलचा हा प्रोसेसर प्रेस्कॉट या पेंटियम फोरनंतर यायचा होता, मे २००४ मध्ये रद्द झाला. प्रेस्कॉटच इतका तापायचा, की ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर जाहीर करूनही इंटेलला सोडून द्यावा लागला. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑरलँडोच्या व्यासपीठावर इंटेलचे तेव्हाचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी सगळ्यांसमोर गुडघे टेकून माफी मागितली. ३.८ वर गाडी थांबली ती थांबलीच, आणि कंपनीने गतीची शर्यत सोडून एका प्रोसेसरात दोन कोअर घालायची वाट धरली. तेजसचे म्हणून जे फिरतात त्यांतले बरेच उष्णतेच्या चाचणीचे नमुने. आत हिशेब करणारा प्रोसेसर नसतो, कूलर पुरेसा पडतो का ते बघण्यासाठी तापणारा तुकडा असतो. तरीही मला तो हवा आहे. एका पिढीच्या अभियंत्यांना जी उष्णता आवरली नाही ती मोजायला बनवलेली वस्तू आहे ती.

विक्रेत्याने वरच्या झाकणाचा फोटो पाठवला आहे, अक्षरं स्वच्छ. झाकणावरून काही ठरत नाही. खालच्या बाजूचा, ७७५ ठिपके आणि मधले कपॅसिटर दिसतील असा फोटो मागितला आहे, आणि तो त्याच्याकडे कुठून आला तेही विचारलं आहे. दोन्ही आलं तर पैशांची जुळणी करतो.